बॅटरीच्या पोटातला काटा



आपल्या बचत गटांत आता शिलाई मशीनसारखीच ई-स्कूटरसाठीही कर्जाची मागणी येते. तेव्हा आम्हा बायकांचा पहिला प्रश्न असतो, "बॅटरी पेट घेणार नाही ना?" म्हणून आज बॅटरीच्या पोटात काय घडतं ते सांगतो.

लिथियम हा फार हलका धातू. तेवढ्याच वजनाच्या ग्रॅफाइटपेक्षा तो साधारण दहापट वीज साठवू शकतो. म्हणून १९७०च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातूची बॅटरी बनवली. अडचण आली चार्जिंगला. चार्ज होताना लिथियमचा थर बसतो. सारवताना हात एकसारखा फिरला नाही की उंचवटे राहतात, तसंच इथे होतं. उंचवट्यावर लिथियम आणखी जमतं आणि त्याचा काटा वाढत जातो. त्याला डेंड्राइट म्हणतात. तो मधला पडदा भेदून पलीकडे टेकला की शॉर्टसर्किट होतं, मग आग. कॅनडातल्या मोली एनर्जी कंपनीला अशा बॅटऱ्या १९८९ मध्ये परत मागवाव्या लागल्या.

उपाय काय निघाला? अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये धातूऐवजी कार्बन वापरला. लिथियम त्याच्या थरांत शिरून बसतं, बाहेर साचत नाही. हीच लिथियम-आयन बॅटरी १९९१ पासून बाजारात आहे. आपल्या मोबाइलमध्ये आणि बहुतेक नव्या ई-स्कूटरमध्ये तीच असते. शास्त्रज्ञ आता पुन्हा धातूकडे वळले आहेत. थर सपाट बसावा म्हणून ते द्रवात वेगळी रसायनं मिसळतात, सेल दाबून धरतात, द्रवाऐवजी घन पदार्थ वापरून पाहतात. पण घन पदार्थातही बारीक भेगांतून काटा घुसतो, म्हणून काम अजून चालूच आहे.

मैत्रिणींनो, कडाक्याच्या थंडीत, वाजवीपेक्षा वेगाने किंवा प्रमाणाबाहेर चार्ज केलं, तर साध्या लिथियम-आयन बॅटरीतही धातू साचू शकतो. तेव्हा गाडीसोबत आलेलाच चार्जर वापरा. आपटलेली किंवा फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका. गल्लीत उघडून दुरुस्त करून घेऊ नका. आणि कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी दुकानदाराला विचारा, "बॅटरी एआयएस-१५६ मानकाप्रमाणे तपासलेली आहे का? कागद दाखवा." हप्ते आपण भरणार आहोत, तेव्हा विचारायला लाजायचं नाही.