जुनी राजदूत : एका वेळी एकच भाग



या वर्गात आतापर्यंत आपण डिझेल इंजिन, विद्युत पंप आणि फवारणी यंत्र यांची निगा पाहिली. आजचा विषय जरा वेगळा आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या गोठ्याच्या कडेला, जुन्या ताडपत्रीखाली एखादी मोटारसायकल उभी असते. वडिलांनी किंवा चुलत्यांनी घेतलेली, एकेकाळी दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून डेअरीपर्यंत धावलेली. आता तिच्यावर कोंबड्या बसतात. भंगारवाला दारावर आला की घरात तिच्यावरून वाद होतो. म्हातारा नको म्हणतो, मुलगा देऊन टाका म्हणतो. ती घरच्या घरी, हळूहळू, पुन्हा चालती कशी करता येते ते आज पाहू.

उदाहरणासाठी मी राजदूत १७५ घेतो. ही गाडी खेड्यापाड्यांत भरपूर खपली आणि तिची रचना समजायला सोपी आहे. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडमधील एसएचएल एम-११ या गाडीवरून १९६० च्या दशकात ती आपल्याकडे बनवायला घेतली. १७३ घन सेंटिमीटरचे टू स्ट्रोक इंजिन, तीन गिअर आणि ६ व्होल्टची वीज, एवढाच तिचा संसार. ‘बॉबी’ या १९७३ च्या चित्रपटात दिसली ती बुटकी राजदूत वेगळी. आपली ही मोठी, दूधवाल्यांची. तिचे उत्पादन केव्हाच बंद झाले आहे. मी सांगणार आहे त्यातील बराच भाग जुन्या येझदीला आणि आपल्या पाठीवरच्या पेट्रोल फवारणी यंत्रालाही लागू पडतो, कारण त्यांचेही इंजिन बहुधा टू स्ट्रोकच असते.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. रोज पन्नास लिटर दूध पोचवायला गाडी हवी असेल, तर या भानगडीत पडू नये. चांगल्या स्थितीतील चार स्ट्रोकची वापरलेली गाडी घ्यावी. तिला पेट्रोल कमी लागते, धूर कमी होतो आणि तिचे भाग तालुक्याला मिळतात. जुनी गाडी उभी करायची ती घरची आहे म्हणून, आणि हाताला यंत्राची ओळख व्हावी म्हणून. घरातील मुलाने एक टू स्ट्रोक इंजिन स्वतः उघडून बसवले, तर ऐन फवारणीच्या दिवसांत पंप बंद पडला म्हणून तो मेस्त्रीच्या दारात बसून राहत नाही.

आधी कागद, मग पाना

गाडीला हात लावण्यापूर्वी नोंदणीचे पुस्तक शोधावे. चासी नंबर आणि इंजिन नंबर तारेच्या ब्रशने घासून वाचावेत आणि पुस्तकातील नंबरांशी जुळवून पाहावेत. नंबर जुळत नसतील किंवा पुस्तकच नसेल, तर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जाऊन काय करता येईल ते विचारावे. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मुदत टळून वर्षे गेली असतील तर दंडासह भरणा किती होतो, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असल्यास आधी ती वारसाच्या नावावर करून घ्यावी. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात असलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली वेगळ्या नोंदणीचा नियम आला, पण तशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आपल्या कामाला तो नियम उपयोगी नाही.

हे सर्व आधी सांगण्याचे कारण असे की, विमा आणि नोंदणी नसलेली गाडी कितीही सुरेख चालली तरी एखाद्या अपघातात घर धुऊन नेऊ शकते.

सगळी गाडी एकदम का सोडू नये

उत्साहाच्या भरात काय होते, ते मी अनेक घरांत पाहिले आहे. रविवारी सकाळी गाडी उलगडायला घेतली जाते. संध्याकाळपर्यंत चाके, टाकी, इंजिन, सगळे अंगणात पसरते. सोमवारी पेरणीचा घातवाफसा येतो. भाग गोणपाटात भरून माळ्यावर जातात. दोन पावसाळ्यांनंतर कोणता बोल्ट कुठला हे कोणालाच सांगता येत नाही, बेअरिंग गंजलेली असतात आणि गाडी अखेर किलोच्या भावाने जाते. उभी गाडी भंगारात घालायला मन धजत नाही. गोणीतली गाडी मात्र सहज जाते.

म्हणून नियम एकच धरावा. एका वेळी एकच भाग सोडावा, दुरुस्त करावा, परत जागेवर बसवावा आणि तो नीट काम करतो हे पाहिल्यावरच दुसऱ्याला हात घालावा. गाडी नेहमी आपल्या चाकांवर उभी आणि ढकलता येण्याजोगी असली पाहिजे. याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो शेतकऱ्याला लगेच पटेल. एकाच हंगामात बियाणेही बदलले, खतही बदलले आणि पाण्याची पाळीही बदलली, तर उत्पादन कशाने वाढले हे कळत नाही. तसेच एकाच दिवशी प्लग, पॉइंट, कार्बोरेटर आणि रिंगा बदलल्या, तर बिघाड कुठे होता हे कायमचे गुलदस्त्यात राहते. पैसे मात्र चारही ठिकाणी जातात.

साधने फार लागत नाहीत. रिंग पान्यांचा संच, बॉक्स पाने, दोन चांगले पेचकस, पक्कड, फिलर गेज आणि व्हर्निअर पुरे. एक वही ठेवावी. सोडण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढावा, पण वहीत चित्रही काढावे, कारण वॉशर कोणत्या क्रमाने होते ते फोटोत दिसत नाही. प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या डब्यात ठेवावेत. कामाला चैत्र-वैशाख उत्तम. पावसाळ्यात उघडा लोखंडी भाग एका रात्रीत तांबडा होतो.

पहिला भाग : ब्रेक

इंजिन सुरू करण्याची घाई सर्वांना असते. पण सुरू झालेली आणि न थांबणारी गाडी काय कामाची? म्हणून सुरुवात चाकांपासून करावी. ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून फडके पुरून टाकावे. लायनर तेलकट किंवा रिव्हेटपर्यंत झिजलेले असल्यास नवे लावून घ्यावेत. ब्रेकच्या कॅमला नखभर ग्रीस पुरते. जास्त झाले तर ते उष्णतेने लायनरवर उतरते.

याच वेळी चाकाची बेअरिंग पाहावीत. बेअरिंग गाडीच्या नावाने मागू नये, नंबराने मागावे. नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो. ६२०४ म्हटले की आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७ आणि जाडी १४, मग ते मोटारसायकलचे असो की पंपाच्या मोटरचे. ऑइल सीलवरही अशी तीन मापे असतात. ‘राजदूतचा माल येत नाही’ असे सांगणाऱ्या दुकानातच नंबर सांगितल्यावर तेच बेअरिंग निघते. जे नंबराने मिळत नाही त्यासाठी पुण्याचा जुना बाजार किंवा दिल्लीचे करोल बाग ही ठिकाणे आहेत. बुश, पिनसारखी कामे कोल्हापूरच्या उद्यमनगरातील लेथवाले नमुना पाहून करून देतात. जुना भाग मात्र बरोबर न्यावा. नुसत्या वर्णनावर भाग आणू नये.

राजदूतच्या पुढच्या चाकाचा दांडा एका बिजागरीवर झुलतो. त्या बिजागरीचे बुश झिजले की हँडल डगमगते. लोक टायरला दोष देतात. चाक उचलून आडवे हलवून पाहिले की खरे काय ते कळते.

टाकी आणि आजचे पेट्रोल

पुढचा भाग टाकी. आत गंज असणारच. कॉक काढून तोंड बंद करावे, टाकीत पांढरे व्हिनेगर भरून एक-दोन दिवस ठेवावे, मधूनमधून हलवावे. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, कडक उन्हात पूर्ण वाळवावे आणि लगेच थोडे तेल आत फिरवावे. नुसती धुऊन ठेवली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गंज धरते. टाकी फुटकी असेल तर घरी किंवा गावातील वेल्डरकडे डाग देऊ नये. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि तिचा स्फोट होतो. हे काम टाकीचेच काम करणाऱ्याकडे द्यावे.

आता एक नवी अडचण. ही गाडी बनली तेव्हाचे पेट्रोल आणि आजचे पेट्रोल एक नाही. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्यापैकी ऊस उत्पादकांना ते ठाऊक आहेच, कारण त्यातील बरेचसे आपल्याच उसाचे आहे. कारखान्याला त्याचा लाभ आहे, पण जुन्या गाडीला त्याचे तीन त्रास होतात. इथेनॉल हवेतील पाणी ओढते. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसते आणि गंज वाढवते. दुसरे, जुनी रबरी नळी आणि वॉशर त्याने फुगतात किंवा ठिसूळ होतात. म्हणून नळी, वॉशर आणि कॉकमधील बूच इथेनॉल सोसणारे घ्यावे. तिसरे, मिश्रण थोडे पातळ पडून इंजिन जास्त तापते. थोडे अंतर चालवून प्लग काढून पाहावा. टोक चहासारखे तपकिरी असेल तर ठीक. पांढरे पडले असेल तर कार्बोरेटरचा मुख्य जेट एक माप मोठा घालावा. काळे आणि ओले असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त आहे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे.

तेल टू स्ट्रोकचेच वापरावे. ट्रॅक्टरचे काढलेले तेल मुळीच घालू नये. पुस्तिका हाती नसेल तर लिटरला ४० मिलिलिटर हे प्रमाण धरावे. आधी थोड्या पेट्रोलात तेल नीट कालवून मग टाकीत ओतावे.

ठिणगी

मॅग्नेटोच्या फ्लायव्हीलखाली पॉइंट असतात. बारीक पॉलिश पेपरने घासून, कोरड्या पुठ्ठ्याने पुसून, पूर्ण उघडलेले असताना ०.४ मिलिमीटर अंतर ठेवावे. पॉइंट वारंवार जळून काळे पडत असतील तर कंडेन्सर बदलावा. वायरिंग उंदरांनी कुरतडलेले असते, ते सगळे नवे ओढून घेणे स्वस्त पडते.

इंजिन, गरज असेल तरच

इथपर्यंत आलेल्या बहुतेक गाड्या सुरू होतात. किक मारताना दाब चांगला लागत असेल तर इंजिन उघडू नये. सुरू झाल्यावर धुराकडे लक्ष द्यावे. पांढरा दाट धूर थांबत नाही आणि गिअर बॉक्समधील तेल कमी होत जाते, तर क्लचच्या बाजूचे क्रँकचे सील गेले आहे असे समजावे. उलट, ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन आपोआप जोरात पळते, तर मॅग्नेटोच्या बाजूच्या सीलमधून किंवा कार्बोरेटरच्या गॅस्केटमधून हवा शिरत असते. सील ही किरकोळ किमतीची वस्तू आहे. ते न पाहता लोक बोअरिंग करून बसतात.

दाब खरोखर कमी असेल तर हेड आणि ब्लॉक काढावा. ब्लॉक उचलताच खालच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे. पिस्टन पिनची सर्क्लिप आत पडली तर एका वॉशरच्या कामासाठी पूर्ण इंजिन फोडावे लागते. सर्क्लिप जुन्या वापरू नयेत. रिंग ब्लॉकमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांतील फट फिलर गेजने मोजावी. ०.२ ते ०.३ मिलिमीटर चांगली, एक मिलिमीटरकडे गेली तर रिंग संपली. टू स्ट्रोकच्या पिस्टनवर रिंगेच्या खाचेत एक बारीक पिन असते. रिंगेची टोके त्या पिनेवरच यायला हवीत, नाही तर टोक पोर्टमध्ये अडकून तुटते आणि पहिल्याच किकला ब्लॉक ओरखडतो. पोर्टमधील आणि सायलेन्सरच्या आतील जाळीवरील काजळी लाकडी चिपेने खरवडावी. कित्येकदा ‘गाडी ओढत नाही’ याचे कारण एवढेच असते.

रंगाचे विचारतात. रंग सर्वांत शेवटी करावा. आधी रंगवलेली टाकी पान्याच्या एका ओरखड्याने जाते. मला विचाराल तर जुना रंग तग धरून असेल तर तो धुऊन मेण लावावे आणि तसाच ठेवावा.

नव्या रिंगा घातल्या असतील तर पहिले ५०० किलोमीटर लिटरला ५० मिलिलिटर तेल घालावे, गाडीवर दोघांनी बसू नये आणि चढावर इंजिन कण्हू देऊ नये, आधीच गिअर उतरवावा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट, चाकांचे नट आणि स्पोक पुन्हा आवळून पाहावेत. क्लच आणि ब्रेकच्या नव्या केबल या दिवसांत ताणतात, त्याही जुळवून घ्याव्यात. वहीत तारीख आणि किलोमीटर लिहावेत.