दूध तोडण्यापूर्वीं

छत्तीस वर्षें मुलांना गणित शिकविलेल्या माणसानें घरच्याच एका उदाहरणाचें उत्तर कसें चुकविलें, तें मी आज सांगणार आहें.

माझ्या नातवाला लहानपणापासून इसबाचा विकार. चौदाव्या वर्षीं तो फारच बळावला. कोपरांच्या आंतली बाजू, गुडघ्यांची मागची बाजू व मान सदा खाजवून लाल. पुण्याच्या उन्हाळ्यांतही तो अर्ध्या बाह्यांचा सदरा घालीना. रात्रीं पांघरुणाखालीं खरखर ऐकूं येई.

एका स्नेह्यांनीं सांगितलें, "मास्तर, दूध बंद करून पाहा." मीं वैशाखांत दूध, दहीं, ताक, सारेंच बंद केलें. श्रावणांत कातडी निवळली. मी ज्याला त्याला हा उपाय सांगत सुटलों. पुढें मार्गशीर्षांतील कोरडी थंडी पडली आणि कातडी पुन्हां फुटली. पोटांत तर दुधाचा थेंब नव्हता! पावसाळी दमट हवेचा गुण मीं पथ्याच्या खातीं जमा केला होता.

तेव्हां कोठें आम्ही त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलों. त्यांनीं आधीं मुलाचें वजन केलें. वाढत्या वयांत तें दोन किलोंनीं उतरलें होतें. "मास्तर, या वयाला रोज सुमारें १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतें. दूध काढलेंत, त्याच्या जागीं काय ठेवलेंत?" मजजवळ उत्तर नव्हतें. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम मिळतें, पण आमच्या घरीं नाचणी कोणाच्या ध्यानींही आली नव्हती.

मग त्यांनीं उलगडा केला. ओल आंत राखणारी कातडीची तटबंदीच अशा मुलांत कच्ची असते. फिलॅग्रिन नांवाच्या प्रथिनाच्या जनुकांतील दोषाशीं याचा संबंध २००६ सालीं उजेडांत आला. दुधानें विकार वाढणारीं मुलें असतात, विशेषतः तान्हीं व तीव्र विकाराचीं. परंतु ती शंका ठराविक मुदतीच्या प्रयोगानें तपासावयाची असते. कांहीं आठवडे दूध बंद, नंतर पुन्हां सुरू. हा दुसरा अर्धा भाग मीं केलाच नव्हता! नुसती रक्ततपासणीही पुरेशी नाहीं. शिवाय दीर्घकाळ तोडलेलें दूध पुन्हां घेतांना कित्येकांना एकाएकीं गांधी उठतात, धापही लागते. म्हणून पहिला घोट त्यांनीं आपल्या देखरेखीखालीं दवाखान्यांतच पाजला.

पुढें पौषाच्या ऐन थंडींत नातू रोज दूध घेऊं लागला आणि खाजेला दहांपैकीं गुण देऊन वहींत लिहूं लागला. शिवाय उपचार सुरू झाले: कोमट पाण्याचें स्नान, अंग ओलसर आहे तोंच जाड मलमाचा थर, आणि लाल भागावर नेमून दिलेले दिवस स्टेरॉइडचें मलम. स्टेरॉइड म्हणतांच मी दचकलों. बाई हंसून म्हणाल्या कीं, भीतीपोटीं अपुरें लावणें हीच घरोघरची चूक आहे. महिन्याभरांत वहींतले आठ गुण तीनांवर आले. गुण कमी झाल्याचा आनंद मास्तराला आयुष्यांत प्रथमच झाला!

विकार समूळ गेलेला नाहीं. मलम रोज लावावेंच लागतें.

गुढीपाडव्याला पंक्तींत त्यानें अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यांतला हात पुढें करून वाटी सरकविली. "आजोबा, श्रीखंड वाढा," म्हणाला. मीं वाढलें.