पाण्याची शिडी
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



फ्रान्सला जाऊन आलो म्हटले की सगळे आयफेल टॉवरचे विचारतात. आम्ही पॅरिस पाहिलेच नाही. माझा भाचा नोकरीनिमित्त तुलूझला असतो. त्याच्या आग्रहाने यंदाच्या एप्रिलमध्ये ताई, भाऊजी, भाचा, मी, सौ. आणि आमची आठवीतली कन्या असे सहाजण ‘कॅनाल द्यु मिदी’ या कालव्यात भाड्याच्या बोटीवर आठवडाभर राहिलो. स्वयंपाक, झोपणे सगळे बोटीतच. बोट आपणच चालवायची. परवाना लागत नाही. थोडे शिकवतात आणि किल्ली हातात देतात. वेगमर्यादा ताशी 8 किलोमीटर! आपली पुश ट्रॉली त्यापुढे एक्सप्रेस म्हणायची.

महाराज आग्र्याहून निसटले ते वर्ष 1666. त्याच वर्षी चौदाव्या लुईने या कालव्याला मंजुरी दिली. लांबी 240 किलोमीटर. तुलूझहून एका बाजूला भूमध्य समुद्र, दुसऱ्या बाजूला गारोन नदीतून अटलांटिक. करणारा पिएर-पॉल रिके हा मिठावरचा कर गोळा करणारा माणूस. अभियांत्रिकीची पदवी सोडाच, डिप्लोमाही नाही. माझ्यासारख्या डिप्लोमावाल्याला हे ऐकून बरे वाटले, हे कबूल करतो.

बोट चढउतार करते ती लॉकमधून. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधली पाण्याची खोली. पाणी सोडले की बोट खाली, भरले की वर. या खोल्यांच्या भिंती सरळ नाहीत, लंबगोल आहेत. मातीचा दाब बाहेरून येतो, तो भिंत कमानीसारखा पेलते. आपण उभ्या कमानी बांधतो, त्याने आडव्या बांधल्या! दुपारी जेवणाच्या वेळेत लॉक बंद असते. तेवढ्यात सौ. वरणभाताचा कुकर लावून घेई आणि ताई दोर धरून बसे.

दुसऱ्या दिवशी कन्येने विचारले, “बाबा, प्रत्येक बोटीबरोबर खोलीभर पाणी खाली जाते. मग वरचे संपत नाही का?”

मंडळी, सगळ्या कालव्याचे मर्म या प्रश्नात आहे. बोट घेण्याआधी भाच्याने आम्हाला नोरूझला नेले होते. समुद्रसपाटीपासून 189 मीटरवरचा हा कालव्याचा माथा. इथून पाणी दोन्ही बाजूंना उतरते, म्हणून इथे ते सतत हवे. रिकेने 1665 मध्येच चाचणीचा लहान पाट खोदून ‘काळ्या डोंगरा’तले ओढे इथवर येतात हे दाखवले होते. पुढे सां-फेरेओलचे धरण बांधले; त्यात साठ लाख घनमीटरहून अधिक पाणी मावते. कामावर एका वेळी सुमारे 12,000 माणसे होती, त्यांत बायाही. पावसाने काम थांबले तरी मजुरी मिळे. मंजुरीआधी चाचणी आणि मजुराचा खाडा माफ, हे साडेतीनशे वर्षांपूर्वी!

सहाव्या दिवशी मालपासचा बोगदा लागला. 1679 मधला, सुमारे 165 मीटरचा. त्याच टेकडीत, कालव्याच्या खालून, रेल्वेचाही बोगदा जातो. आमची बोट वर आणि रूळ खाली! भाच्याने पुढची कथा सांगितली. 1857 मध्ये बोर्दो ते सेत रेल्वे पूर्ण झाली आणि पुढच्याच वर्षी कालवा 40 वर्षांच्या भाडेपट्ट्याने त्याच रेल्वे कंपनीकडे गेला. स्पर्धकाच्या हाती तिजोरीच. कालव्यावरचा माल आटत गेला. आज तिथे फक्त हौशी बोटी दिसतात. रेल्वेवाला म्हणून अभिमान वाटावा की खंत, मला ठरवता आले नाही.

तरी कालवा जिवंत आहे. 1996 पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण यादीत नाव आले म्हणून दरवाजे गळायचे थांबत नाहीत. काठच्या प्लेन वृक्षांना 2006 मध्ये बुरशीचा रोग सापडला. तो पाण्यातून आणि मुळांतून पसरतो, उपाय नाही. हजारो झाडे तोडावी लागली. आम्ही मैलभर कोवळ्या पालवीच्या सावलीतून जायचो आणि अचानक उघडे ऊन लागायचे. तिथे दुसऱ्या जातींची रोपे काठ्यांना बांधून ठेवलेली. एका लॉकवरच्या बाईंना भाच्याने विचारले, सावली कधी मिळेल? त्यांनी हसून कन्येकडे बोट दाखवले आणि पुन्हा दरवाजाकडे वळल्या.

रिके 1680 च्या ऑक्टोबरमध्ये वारला. भरलेला कालवा त्याने पाहिला नाही. वाहतूक खुली झाली 1681 च्या मेमध्ये. पुतळे त्याचे आहेत, आणि ते योग्यच आहे. पण तेव्हापासून आजवर कालवा चालला तो गाळ काढणाऱ्यांमुळे, दरवाजे दुरुस्त करणाऱ्यांमुळे आणि रोपे लावणाऱ्यांमुळे. आपल्या खात्यात हे वेगळे सांगायला नको. आत्ता आपण या मांडवात बसलो आहोत आणि आपले ट्रॅकमन कंदील-बॅटरी घेऊन पावसाळी गस्तीवर रूळ तपासत चालले आहेत. त्यांची मुलेही इथे आली आहेत. आज जेवणाच्या पहिल्या पंगतीला त्यांना बसवावे, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवतो.