पाचारण व्रतांनंतरही येतं

शनिवार पेठेत एखादी मुलगी ‘मी सिस्टर होणार’ म्हणाली, तर लोकांना वाटेल, नर्सिंगला चालली! ख्रिस्ती घरांत याला पाचारण म्हणतात, देवाची हाक. आधी काही वर्षं पारखायची, मग दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही व्रतं. तीही आधी ठरावीक मुदतीची, नंतर आजन्म.

पण तिथं हाक थांबते का? सिस्टर लूसी कुरियन यांचं बघा. १९९१मध्ये पुण्यात एक गरोदर बाई त्यांच्याकडे आसरा मागायला आली. ‘उद्या ये,’ त्या म्हणाल्या. त्याच रात्री नवऱ्यानं तिला पेटवलं. ती वाचली नाही. १९९७ साली सिस्टरांनी वढू बुद्रुकला घर उघडलं, जातधर्म न विचारणारं. स्वतःचं माहेर सोडून आलेल्या बाईनं त्याला नाव दिलं ‘माहेर’.

म्हणून मुलींनो, पारखायला वेळ घ्या. दारात कुणी उभं असेल, तर मात्र ‘उद्या’ म्हणू नका.