पाणी प्यायला गेलेला मुलगा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवृत्तीनंतर मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलं, हे निवेदकांनी सांगितलं तेव्हा मागच्या रांगेतले काही जण मोठ्याने हसले. हसणारच. धडा वाचायची पाळी माझ्या बाकाजवळ आली की मला हटकून तहान लागायची. "बाई, पाणी पिऊन येऊ?" म्हणायचं आणि घंटा होईपर्यंत नळाशी उभं राहायचं. दोन वर्षं हेच.

एम.ए.चा पहिलाच पेपर होता आरंभापासून रेनेसान्सपर्यंतच्या इंग्रजी साहित्याचा. मला वाटलं होतं, शेक्सपिअरपासून सुरुवात होईल. पण त्याच्याआधी नऊशे वर्षं पसरलेली! आणि सुरुवातीलाच भेटला एक गुराखी.

कॅडमन त्याचं नाव. इंग्लंडच्या उत्तरेला व्हिटबीच्या मठात तो जनावरं सांभाळायचा. मेजवानीत वीणेसारखं वाद्य हातोहात फिरे, ज्याच्याकडे येईल त्याने गायचं. ते आपल्याकडे येतंय असं दिसलं, की हा उठून घरी जायचा. एकदा असाच निघून तो गोठ्यात झोपला. स्वप्नात कुणीतरी नाव घेऊन म्हणालं, गा. हा म्हणाला, येत नाही म्हणून तर इथं आलोय. तरी गा, म्हणाला तो. आणि हा गायला! मठाच्या प्रमुख हिल्डा यांनी त्याला बोलावून ऐकलं आणि मठात घेतलं. बीड नावाच्या पंडिताने ७३१ च्या सुमारास हे लॅटिनमध्ये लिहून ठेवलं. कॅडमनच्या आज फक्त नऊ ओळी उरल्यात.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेलो. खरोखरच पाणी प्यायला.

पुढचा अभ्यास सोपा नव्हता. 'बेवुल्फ'च्या ३१८२ ओळी मूळ भाषेत म्हणजे परकी भाषाच. तिचं हस्तलिखित एकच, तेही १७३१ च्या आगीत कडा जळून वाचलेलं. चॉसरशी मात्र दोस्ती झाली. त्याचे कँटरबरीचे यात्रेकरू म्हणजे आपल्या एस.टी.तली माणसं, गप्पिष्ट नि भांडखोर. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, त्याची एक गोष्ट सांगतो. थेम्सवर वारा पडला म्हणून काही व्यापारी उतरले. एकाने बाईकडे 'एग्ज' मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! दुसऱ्याने 'आयरेन' म्हटलं तेव्हा तिला अंडी कळली. कॅक्स्टनला प्रश्न पडला, छापायचं कुठलं इंग्रजी? ज्या इंग्रजीला मी घाबरायचो, ती इंग्रजांनाच धड कळत नव्हती तर!

आणखी एक. शेक्सपिअर गेला १६१६ साली. त्याच साली गोव्यात राचोलला 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, मराठी ओव्यांत. लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे, १५७९ मध्ये गोव्यात आलेले. त्यांनाही पहिल्यांदा मराठी वाचताना घशाला कोरड पडली असेलच ना?

आता खरं बोलतो. बाईंनी मला कधीच अडवलं नाही, याचा मला पुढे फार राग आला. वाटायचं, बाईंनी मला सोडून दिलं. नोकरीत इंग्रजी पत्र लिहायची वेळ आली की तो राग वर यायचा. कॅडमन वाचल्यावर तर जास्तच, कारण त्याला कुणीतरी नाव घेऊन हाक मारली होती. आज सकाळी चहाच्या वेळी धीर करून बाईंना विचारलं. बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. म्हणाल्या, "अरे, मी शेवटच्या बाकापर्यंत भराभर वाचून घ्यायचे आणि पाळी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. तू येशील म्हणून. तू यायचाच नाहीस."

बाई, पाळी अजून शिल्लक असेल तर आज वाचतो. कॅडमनच्या त्या नऊ ओळी आणल्यात. तेराशे वर्षांपूर्वीची इंग्रजी आहे, त्यामुळे उच्चार चुकले तरी मागच्या रांगेला कळणार नाहीत.