न्हाणीघर की निजायची खोली?



नगरच्या जुन्या वाड्यांतून माजघर ऐसपैस; न्हाणी मात्र कोपऱ्यात, एक मोरी नि बंब एवढीच. आता घर दुरुस्त करतानाही आपण तेच करतो. पलंगाला जागा हवी म्हणून न्हाणीघर आखडतो.

गेल्या वर्षी आमच्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. त्यांना उठवायला मी आत गेले, तर दोघींना उभे राहायलाही जागा नव्हती! तेव्हा घरात हिशेब मांडला. निजायची खोली १० बाय १२ फूट. शेजारचे संडास-न्हाणीघर ४ बाय ५. खोलीचा २ बाय ५ फुटांचा तुकडा न्हाणीघराला दिला. ते ३० चौरस फूट झाले. खोली ११० उरली. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत एकत्र संडास-न्हाणीला किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३० चौरस फूटच सांगितले आहे. खोलीत उरलेल्या कोनाड्यात कपाट चपखल बसले.

भगिनींनो, डोळे मिटल्यावर खोलीची लांबी-रुंदी कोण मोजतो? ओल्या फरशीवर पातळ नेसण्याची कसरत मात्र रोज आपल्याच वाट्याला येते. भिंत पाडण्यापूर्वी तिच्यावर छताचा भार आहे का, हे इंजिनिअरला अवश्य विचारा. पण नकाशा काढताना न्हाणीघराची जागा आधी ठरवा, पलंगाची मागाहून!