तळपट्टीतील चित्रे

श्रोतेहो, मोबाइलच्या पडद्याच्या तळाशी जी चित्रांची पट्टी असते, तिची गंमत सांगतो. आयफोनवर चित्रकाराने चित्र कितीही रंगविले, तरी पट्टी एरवी ते रंग टाकूनच देते. चित्राचा अपारदर्शक भाग तेवढा पाहते व त्यात आपला रंग भरते. मागची पांढरी जमीन पुसायची राहिली, तर घराऐवजी चौकोनी ठोकळा उमटतो! मूळ रंग राखण्याची सोय २०१३ पासून आहे. हौशी मंडळी ती वापरतात. पण ज्याला तांबड्या-हिरव्यातला फरक दिसत नाही, त्याने निवडलेले चित्र कोणते हे ओळखावे कसे? निवडलेल्या स्थितीसाठी निराळे चित्र देता येते, ते द्यावेच. इतर चित्रे नुसत्या रेषांची असताना एकच घर भरीव दिसले, की त्यालाही ते कळते.